वरच्या खुणेच्या वर

अजितचा फोन आला तेव्हा मी पेणला माझ्या स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत बसले होते. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "आई कशी रे? बाबा म्हणायचंय ना तुला?" कारण गेली काही वर्षं आम्ही सगळ्यांनी मनाची तयारी केली होती ती दादासाठी. माझा थोरला भाऊ विसरण्याच्या आजारात दिवसेंदिवस विरत चाललेला, आणि सुमनवहिनी मात्र ताठ कण्याची, खणखणीत. दुपारचं जेवून घटकाभर आडवी झाली ती उठलीच नाही. पेणहून रोह्याला जाईपर्यंत मला रडूसुद्धा आलं नाही, कारण डोक्यात एकच घोळत होतं… दादाला हे सांगणार कोण, आणि सांगितलं तरी त्याच्यात ते टिकणार किती वेळ?

वहिनी रोह्याजवळच्या निडी गावची. घरी भातशेती, मागाहून वाल, हरभरा. अशा घरातून शिकून ती नर्स झाली आणि लग्न होऊन रोह्याला आल्यावर बाजारातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, ती केस पिकेपर्यंत. इंजेक्शनला घाबरणाऱ्या बाप्यांना तिचा आवाजच पुरायचा. "सुई एवढीशी, नि तुम्ही केवढे! बसा गप." मी शाळेत शिकवणारी, मला वाटायचं की दरडावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वहिनीपुढे मी हात टेकले. पण दारात पाऊल टाकलं की, "ये गो बाय, दमलीस ना," म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करायची तीच. माझे मिस्टर गेल्यावर कितीतरी दिवस ती माझ्याकडे येऊन राहिली. सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. नुसती माझ्यासोबत जेवायला बसायची. तेवढ्यानेच मी तगले.

तिच्या डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी अँबॅसिडर दादाकडे आली. दादा कंपनीत फिटर, शिफ्टची नोकरी, आणि यंत्रावर माणसासारखी माया. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात त्यांचं घर, त्यापुढच्या अंगणात त्याने गाडीसाठी मुद्दाम जमीन सपाट करून घेतली, का, तर उतारावर उभ्या गाडीचं ऑइल खरं दिसत नाही. इंजिन बंद केलं की लगेच बॉनेटला हात लावायचा नाही. "ऑइल खाली उतरू दे," हे त्याचं पालुपद. इंजिन चालू असताना ऑइल सगळीकडे वर फिरत असतं, ते तळाशी जमेपर्यंत थांबायचं, मग ती लांब पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पुरती आत घालून काढायची आणि मग बघायचं. पट्टीवर दोन खुणा. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर इंजिन जळेल, वरच्या खुणेच्या वर गेलं तर फेसाळेल, धूर ओकेल. त्या थांबण्याच्या वेळात ही दोघं पायरीवर बसून चहा प्यायची. वहिनी मला म्हणायची, "बघायला आले होते तेव्हासुद्धा माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नाय गो, जेवढं त्या पट्टीकडे बघतात!" आणि दादा मान वर न करता म्हणायचा, "पट्टी उलट बोलत नाय."

त्यांचा गणपती पेणचा, दर वर्षी माझ्या ओळखीच्या कारखान्यातून नेलेला. एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर निघाले. मागच्या सीटवर वहिनीच्या मांडीवर मूर्ती, तिच्यावर उपरणं, आणि हा गृहस्थ वाटेत कासू गावाच्या अलीकडे सपाट जागा दिसली म्हणून गाडी थांबवतो! इंजिनाचा आवाज वेगळा वाटला म्हणे. भर उन्हात आम्ही ऑइल खाली उतरायची वाट बघत बसलो. वहिनी पुटपुटली, "अहो, देवाला ऊन लागतंय." दादा म्हणाला, "इंजिन बसलं तर देवाला उतरून ढकलावी लागंल." वहिनी अशी काही हसायला लागली की मूर्ती हलायला लागली, आणि मीच घाबरून ती धरली. ऑइल अगदी बरोबर निघालं, हे सांगायला नकोच.

मग दादा विसरायला लागला. आधी नावं, मग रस्ते, मग निवृत्त झाल्याचंच विसरून पहाटे डबा मागायला लागला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. अजित पुण्याला असतो. तो म्हणाला, गाडी विकून टाकूया, कुणाच्या अंगावर घातली तर? त्याचंही चूक नव्हतं. पण वहिनी ऐकेना. "गाडी गेली तर हे सकाळी उठतील कशासाठी?" म्हणाली. शेवटी असं ठरलं की फाटक बंद ठेवून अंगणातल्या अंगणात, फाटकापर्यंत जायचं आणि मागे यायचं. वहिनी रोज शेजारी बसायची, हात हँडब्रेकवर. तेवढ्यासाठी दादा अंघोळ करायचा, दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा. गाडी बंद करून बॉनेट उघडलं की तो पुन्हा पहिल्यासारखा दिसायचा… चेहराच बदलायचा हो. दिवसाचा उरलेला वेळ तो नुसता कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा बसून असायचा.

पण सगळं शिल्लक राहून एकच गोष्ट त्याच्या हातून निसटली, ती म्हणजे थांबणं. गाडी बंद केली की लगेच पट्टी काढायचा. ऑइल अजून वरच असायचं, पट्टीवर कमी दिसायचं, की हा डबा उघडून ओतायचा. रोज थोडं थोडं. गाडीने धूर ओकायला सुरुवात केली तेव्हा वहिनीच्या ध्यानात आलं. एका दुपारी मी अचानक गेले तर ही बाई बॉनेटखाली वाकलेली, हातात दवाखान्यातली मोठी सिरिंज. तिला बारीक लांब नळी जोडून, पट्टीच्या भोकातून ती आत सोडून ऑइल ओढून काढत होती. दादा आत झोपला होता. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. "सकाळी हे घालतात, दुपारी मी काढते. आणि परत त्याच डब्यात. घरचं ऑइल घरात."

मी म्हटलं, "अगो, सांग की त्याला सरळ. नाहीतर डबा लपव." तर सिरिंज ओढता ओढता म्हणाली, "सांगितलं होतं एकदा. चूक झाली हे घटकेत विसरले गो, पण तोंड उतरलं ते रात्रीपर्यंत तसंच. कशाने वाईट वाटलं ते राहत नाय, वाईट वाटलेलं राहतं. मग कशाला सांगू?" मी पदर खोचला. नळी धरून उभी राहिले झालं.

ती गेल्यावर मी रोह्यालाच राहिले. अजितची रजा संपली, त्याला जावं लागलं. दादा दर थोड्या वेळाने विचारायचा, "सुमन कुठं हाय गो?" आणि मी दर वेळी खरं सांगायची. नवऱ्यापासून बायकोचं मरण लपवायचं म्हणजे काय? मला ते पापच वाटायचं. "गेली रे दादा," मी म्हणायची, आणि तो दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडायचा, मग शांत व्हायचा, मग पुन्हा तोच प्रश्न. दिवसकार्य आटोपल्यावर तो गाडीभोवती घुटमळायला लागला, तेव्हा मी किल्ली दिली. वहिनीच्या जागेवर मी बसले, हात हँडब्रेकवर. सकाळची फेरी पुन्हा सुरू झाली, माझा जीव भांड्यात पडला. दुपारच्या कामाची मात्र मला आठवणच राहिली नाही.

आणि एका सकाळी त्याने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि उजेडात धरून नुसता बघत राहिला.

"बाय, ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलंय."

"असू दे," मी म्हटलं. "आज नको घालूस."

"रोज दुपारी ती काढते ना."

"कोण?"

"सुमन. नळी लावून. तिला वाटतं मी झोपलोय." दादा किंचित हसला. "डब्यातलं ऑइल काळं असतं काय कधी? नवं ऑइल मधासारखं असतं. ती एवढं करते, मी कशाला बोलू?" मग तो पुन्हा पट्टीकडे बघायला लागला, आणि ते हसू हळूहळू गेलं. "काढलं नाय तिने… कालपण नाय, परवापण नाय. म्हणजे सुमन नाय आता. व्हय ना गो?"

मी "व्हय" म्हटलं. या वेळी तो रडला नाही. पट्टी पुसून जागेवर घातली, बॉनेट लावलं आणि पायरीवर जाऊन बसला. जेवायला उठला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी इतक्यांदा सांगितलेलं त्याच्यात राहिलं नव्हतं, पट्टीने सांगितलेलं मात्र तोंडावर राहिलं. संध्याकाळी विचारलं तर कशासाठी बसलाय हे त्याला सांगता येईना, पण तोंड तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बॉनेट, पुन्हा पट्टी, पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून उमजणं. माझ्या डोळ्यांसमोर. मला ते बघवेना.

त्या दुपारी तो आडवा झाल्यावर मी वहिनीचं कपाट उघडून सिरिंज आणि नळी शोधली. किती काढायचं याचा मला काय अंदाज! थोडं ओढायचं, पट्टी बघायची, पुन्हा ओढायचं. तिचा हात सराईत, माझे हात कोपरापर्यंत काळे, पदराचं वाटोळं. "बरोबर करते का गो मी?" मी मोठ्यानेच विचारलं, आणि तिथेच बॉनेटला टेकून, ती गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडले.

सकाळी फेरी झाली. दादाने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली, उजेडात धरली. थोडं ऑइल घातलं. त्याचा चेहरा उजळला. फडक्याला हात पुसत त्याने घराकडे बघितलं.

"सुमन कुठं हाय गो?"

"आत हाय," मी म्हटलं.