काकूंचं बाथरूम मी पुसलं

ब्लीचची बाटली आणि पिवळे हातमोजे. डॉक्टरकाकूंनी दोन्ही माझ्या हातात दिलं आणि आवाज बारीक केला.

"खालचं बाथरूम जरा पुसून घे ना. ती आत्ताच जाऊन आलीय."

ती म्हणजे चिसोमो. माझी पाहुणी. आफ्रिकेत मलावी देशातल्या एका खेड्यातली, चोवीस वर्षांची.

"काकू, एचआयव्ही असा नाही पसरत. तुम्ही तर स्वतः गायनॅक आहात."

"मला माहितीय गं. मला नको शिकवू. पण बाकीच्या बायका अनकम्फर्टेबल झाल्यात. त्यांच्यासाठी कर."

मी केलं. वर दिवाणखान्यात संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं, तिळगूळ वाटताहेत, हसताहेत, आणि मी काळ्या साडीचा पदर खोचून काकूंच्या तळघरात गुडघ्यांवर बसून कमोडची कड घासत होते. काकूंची सात वर्षांची नात दारात आली. "आजी, व्हाय इज आँटी क्लीनिंग?" आजीने तिला हाताला धरून वर नेलं.

ही २००५ सालची गोष्ट. बॉथेलमधली, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली. मी तिथे एका छोट्या संस्थेत काम करायचे. मलावीतल्या खेड्यांत तरुण मुलीच आपल्या बरोबरीच्या मुलींना शिकवायच्या, त्या कामाला आमची संस्था मदत पाठवायची. पाळी, दिवस जाणं, निरोध कसा वापरायचा, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, एचआयव्हीच्या तपासणीला एकटीने न जाता सोबत कुणाला न्यायचं. चिसोमो त्यातली सगळ्यात जुनी कार्यकर्ती. गिरणीबाहेर मक्याचं पीठ दळून होईपर्यंत मुली थांबतात, तिथेच ती त्यांना गाठायची. तिच्या कामाची पुस्तिका मीच टाइप केली होती. त्यात पहिलाच नियम असा: कुणी कुणाबद्दल विचारलं, तिला आहे का, तर 'हो' म्हणायचं नाही. 'नाही' पण म्हणायचं नाही. तिला खरंच नसलं तरी नाही. कारण आज एकीबद्दल 'नाही' म्हणालात, तर उद्या जिच्याबद्दल गप्प बसाल तिचं गावाला कळलं.

हा नियम मला पाठ होता. टाइप करताना आवडलाही होता.

काकूच म्हणाल्या होत्या, "आण की तिला हळदीकुंकवाला. दहा मिनिटं बोलू दे, आपल्या बायका मदत करतील." मला केवढा आनंद झाला. काकू म्हणजे तिथल्या मराठी मंडळातलं मोठं प्रस्थ. तीस वर्षं प्रॅक्टिस करून रिटायर झालेल्या. त्यांनी मला स्वतःहून बोलावणं म्हणजे मी त्यांच्यातली झाले, असं मला वाटलं. खरं सांगते, मला तेच हवं होतं. आमचं आडनाव असं, की त्यावरून जातीचा अंदाज येत नाही. पहिल्याच वर्षी काकूंनी विचारलं होतं, "तुम्ही म्हणजे नेमके कुठले?" मी म्हणाले, "नागपूरकडचे." त्यांनी स्वतःच काहीतरी समजून घेतलं, मी समजू दिलं.

हळदीकुंकवाला काकूंनी वीस-बावीस जणींना आपल्या हाताने कुंकू लावलं. चिसोमोपाशी आल्या आणि करंडा माझ्यापुढे धरला. "तू लाव ना. तुझी पाहुणी." मी लावलं. चिसोमोने मान किती छान पुढे केली होती. तिने आदल्या रात्री मला विचारून ठेवलं होतं, मान कशी करायची.

मग काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. फ्रिजपाशी दोघी-तिघी उभ्या होत्या.

"ए, खरं सांग. हिला स्वतःला आहे का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला नियम आठवला. आणि त्याच क्षणी हेही वाटलं, की मी नीट उत्तर दिलं नाही तर पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत.

"नाही हो काकू. तिला नाही."

मला ठाऊकच नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "तरीपण रिस्क कशाला," आणि सिंकखालची बाटली काढली.

बाथरूम पुसून मी मोजे काढत होते तेव्हा चिसोमो जिन्यावर उभी दिसली. मला शोधायला आली होती. तिने बाटली बघितली, मोजे बघितले. वर जाऊन ती जे बोलायचं ते दहा मिनिटं बोलली, नीट, न चुकता. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसून निघालो. आम्ही इंग्रजीतच बोलायचो. ती म्हणाली, "त्यांनी काय विचारलं तुला?"

मी सांगितलं.

"आणि तू?"

"नाही म्हणाले. तुझ्यासाठीच म्हणाले, चिसोमो."

तिने काच थोडी खाली केली. माझ्या हातांना ब्लीचचा वास येत होता. म्हणाली, "तू चांगली आहेस. पण माझ्या गटात मी तुला घेतलं नसतं."

एवढंच. कपाळावरचं कुंकू मात्र तिने पुसलं नाही.

घरी येऊन मी तीनदा हात धुतले. वास जाईना. तो वास मला जन्मापासून ठाऊक होता, फक्त तेव्हा तो फिनेलचा होता. माझी आई एका खासगी प्रसूतिगृहात आया होती. बाळंतपण झालं की खोलीतलं रक्त, पाणी, सगळं ती पुसायची. तिचा चहाचा कप न्हाणीघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. दहावीच्या सुट्टीत मी एकदा तिच्या हातातलं फडकं घेतलं, तिला बरं नव्हतं म्हणून. तिने ते हिसकावून घेतलं. "तू नाही. तू कधीच नाही." मी अमेरिकेत येऊन, कुणी जबरदस्ती न करता, दुसऱ्या बाईचं पुसायचं फडकं हातात घेतलं होतं. का? तर मला आत बसू द्यावं म्हणून. त्या रात्री मी आईला फोन लावला. ती नुसती विचारत राहिली, जेवलीस का, जेवलीस का.

चिसोमो परत गेली. तिचे अहवाल यायचे, कामापुरते. मी माफीचं पत्र चारदा लिहिलं आणि पाठवलं नाही. योग्य शब्द सापडले की पाठवू म्हणत राहिले. पुढच्याच वर्षी ऑफिसात दोन ओळींची ईमेल आली. चिसोमो गेली. सव्विसावं सरलं नव्हतं. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, मोठ्याने, काचा बंद करून. ते पत्र अजून माझ्या संगणकात आहे. आता ते कुणाला पाठवू?

२००७ च्या संक्रांतीला काकूंचा फोन आला, ये म्हणाल्या. मी गेले. तोच दिवाणखाना, त्याच बायका. काकू करंडा घेऊन माझ्यापर्यंत आल्या, कुंकवाचं बोट उचललं आणि थांबल्या.

"ऐकलं गं. वाईट झालं. म्हणजे तिला होतंच ना? तू तर नाही म्हणाली होतीस."

 

"चिसोमोचं मी सांगणार नाही, काकू. मागे सांगितलं ती माझी चूक. तुम्ही कितीही विचारलंत तरी आता हो नाही आणि नाही पण नाही."

"अगं, मी सहज..."

"माझं मात्र सांगते. ते तुम्हाला कधीपासून विचारायचंय. आम्ही बौद्ध. आधीचे महार. माझ्या आईने तुमच्यासारख्याच एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली घाण वीस वर्षं पुसली. तिच्या मुलीकडून तुम्ही ती इथे पुसून घेतलीत, आणि मीही पुसली."

कुंकवाचं बोट तसंच राहिलं. कुणीतरी म्हणालं, "यार, हे सगळं आत्ता कशाला, सणाच्या दिवशी?" मी कपाळ पुढे केलं नाही. पर्स उचलली आणि निघाले.

मंडळाची बोलावणी बंद झाली. लायब्ररीतली एक खोली मी महिन्यातून एका शनिवारी मागून घेते. नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या मुली येतात, पाळी चुकली तर कुणाला विचारावं हेही न कळणाऱ्या. कधी तिघी, कधी कुणीच नाही. आधी मी माझं पूर्ण नाव सांगते, जात सांगते. ज्यांना उठून जायचंय त्या जातात. मग चिसोमोचा नियम सांगते. तो मी एकदा मोडला. पुन्हा मोडणार नाही.

आणि ज्याचं बाथरूम त्याने पुसावं.