नागापूरच्या भाकरीची ऑर्डर

"त्या मंगलताईंना यादीतूनच काढ," सर म्हणाले. "तीन ऑर्डर गेल्या, एकीलाही उत्तर नाही. लोक वैतागलेत."

मी वेबसाइट डिझायनर. स्क्रीनवर काय कुठे दिसावं, बटण कुठे असावं, फॉर्ममध्ये काय विचारावं, हे ठरवणं माझं काम. आमचं छोटं ऑफिस सावेडीत आहे. नागापूर एमआयडीसीतल्या कामगारांना आसपासच्या घरगुती डबेवाल्या बायकांशी जोडणारी साइट आम्ही नुकतीच सुरू केली होती. सकाळी ऑर्डर टाकायची, दुपारी डबा कंपनीच्या गेटवर. ऑर्डर आली की बाईंनी दहा मिनिटांत 'स्वीकारली' हे बटण दाबायचं. सलग तीन ऑर्डरना उत्तर आलं नाही, तर ते किचन साइटवरून आपोआप गायब. हा नियम माझाच. केला तेव्हा स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

मंगलताई मूळच्या तिसगावकडच्या. दरवर्षी दोघं नवराबायको ऊसतोडीला जायचे. यंदा नवऱ्याला एका कंपनीत कंत्राटी काम मिळालं म्हणून नागापुरात खोली घेतली, पण तेवढ्यावर भागत नव्हतं. डबे चालले तर इथंच राहायचं, नाहीतर टोळीबरोबर निघायचं, असं त्यांचं ठरलं होतं. मुलगी सहावीत. तोडीला गेलं की तिची शाळा सुटणार. येतो की नाही, हे मुकादमाला दसऱ्यापर्यंत सांगायचं होतं, आणि दसरा आठ दिवसांवर आला होता.

"सर, एकदा जाऊन बघते," मी म्हटलं.

"बघ. पण सोमवारपर्यंतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढून नागापूरला गेले. अकरा वाजत होते. ताई भाकऱ्या थापत होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे. मी शेजारी बसले, त्यांचं किचन तेवढ्यापुरतं सुरू केलं आणि माझ्याच मोबाईलवरून एक डबा मागवला. त्यांचा मोबाईल पिठाच्या डब्यावर पडला होता. तो गप्पच.

"ताई, ऑर्डर आली का?"

"कुठं? न्हाई बा."

"आधीच्या तीन ऑर्डरना नाही का म्हणालात?"

"म्या कशाला न्हाई म्हनू? मला कुनी इचारलंच न्हाई."

मी त्यांचा फॉर्म उघडला. त्यात दिलेला नंबर त्यांचा नव्हताच.

"हा नंबर कुणाचा?"

"ह्यांचा. ते कंपनीत हायेत. मोबाईल गेटवर जमा करून घेत्यात, सुट्टी झाल्यावर देत्यात." भाकरी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या, "सांजच्याला घरी आलं की सांगत्यात, आज दोघांनी डबा मागितला हुता म्हनून. तवर कोन उपाशी ऱ्हातंय?"

मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. "मग तुमचा नंबर का नाही दिलात?"

"तुमीच म्हनला हुता, नंबर समद्यांना दिसंल. मागं डब्यावर माझा नंबर लिवला, तर एक जन रोज फोन करायचा, जेवलीस का म्हनून. डबा काय त्यानं एकदाबी घेतला न्हाई."

ऑफिसला येऊन सगळी यादी काढली. चोवीस किचन, त्यातल्या एकोणीस ठिकाणी नवऱ्याचा नाहीतर दिराचा नंबर. नंबर दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. इथल्या बायकांना विचारलं मात्र नव्हतं. मंगलताई आधी अडकल्या एवढंच. बाकीच्याही ओळीनं अडकणार होत्या.

सरांना सांगितलं. नंबर लपवायचे, बायकांचे स्वतःचे घ्यायचे. आणि ऑर्डर आली की बटणाऐवजी किचनला फोन जाईल. त्यात रेकॉर्ड केलेला आवाज सांगेल, दोन डबे, एक वाजता. हवी असेल तर एक दाबा.

"आपण वेबसाइट केलीय, कॉल सेंटर नाही," सर म्हणाले.

"सर, कणीक मळताना स्क्रीन कोण बघणार?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "कर. पण मला सोमवारी चालू दिसलं पाहिजे."

सोमवारी मी पुन्हा ताईंच्या चुलीपाशी. पावणेअकराला फोन वाजला. खरी ऑर्डर, तीन डबे. त्यांनी मनगटानं फोन उचलला, नीट ऐकलं, "व्हय, देते की," असं त्या रेकॉर्डिंगला अदबीनं सांगितलं आणि ठेवून दिला. एक दाबलंच नाही.

"ताई, एक दाबायचं होतं."

"त्यांना सांगितलं की मी, देते म्हनून."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या बरोबर होत्या. फोन उचलून कुणी जेवण मागितलं, ऐकून घेतलं, म्हणजे होच झालं. ती ऑर्डर मी हातानंच स्वीकारली आणि तिथूनच ऑफिसला फोन केला. पूर्ण ऐकलं म्हणजे ऑर्डर घेतली. नको असेल तरच दोन दाबायचं. पाऊण तासात बदल झाला. त्या दिवशी ताईंनी सात डबे दिले, एकही चुकला नाही. परत येताना मी इतकी हलकी झाले होते की सिग्नल सुटलेला कळला नाही आणि मागच्या टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी ताईंचा फोन आला.

"मॅडम, टोळी गेली आज."

"आणि तुम्ही?"

"आमी ऱ्हायलो. पोरगी साळंत गेलीय. ठिवते, भाकरी करपंल."

मला बरं वाटलं, अगदी मनापासून. आता कुठलाही फॉर्म करताना मी क्लायंटला आधी विचारते, सकाळी अकरा वाजता हा मोबाईल कुणाच्या हातात असतो? लोक हसतात. खुशाल हसोत, पण उत्तर सहसा कुणालाच माहीत नसतं.