मेखांचं घराणं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत अजूनही कुणीतरी मला म्हणतं, "सर, पुढच्या रविवारी लेवी वंशावर बोला की, तुमचा अभ्यास हाय." अभ्यास कसला डोंबलाचा! मी काहीतरी कारण काढून टाळतो. बाकी कशावरही बोलेन, पण लेव्यांवर बोलायला माझी जीभ उचलत नाही.

भूकंपात आमच्या अहमदपूरच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. आत बसायची कुणाची छाती होईना. मग पुढची काही वर्षं भक्ती समोरच्या मैदानात, ताडपत्रीच्या मांडवाखाली व्हायची. दर रविवारी सकाळी मांडव उभारायचा, दुपारी उतरवायचा. मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांनी त्यात शास्त्र आणलं. बायबलात इस्राएलाच्या बाकीच्या वंशांना जमीन वाटून मिळाली, लेवी वंशाला मिळाली नाही. त्यांच्या वाट्याला देवाच्या तंबूची चाकरी आली. रानातून मुक्काम हलला की एका घराण्याने पवित्र भांडी खांद्यावर वाहायची, दुसऱ्याने पडदे, तिसऱ्याने फळ्या, मेखा आणि दोर. "आपणही तसंच करू," मास्तर म्हणाले.

प्रभुभोजनाचा प्याला गेला कंपाउंडरच्या घरी, ताडपत्री आणखी कुणाकडे, आणि आमच्या नशिबी लोखंडी मेखा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र कोण आनंद. ते शाळेत शिपाई, गुंठाभरही रान नाही. म्हणायचे, "लेव्यालाबी रान नव्हतं. आपुन त्याच भावकीतले." शनिवारी एकेक मेख पुसून, दोर ताणून बघून ते पेटीत भरायचे. पेटी मंदिराच्या पडवीत कुलपात असायची. किल्ली एकच, ती आमच्या घरात खिळ्याला. "मेख न्हाई तर मांडव न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अकरावी संपली आणि मी लातूरला शिकवणीला लागलो. तेव्हा घरोघरची पोरं लातूरच्या वाटेला लागली होती. मे महिन्यातल्या एका रविवारी तिथं परीक्षा होती, तिच्यावरून पहिली तुकडी निवडणार होते. आदल्या संध्याकाळी पेटी मीच भरली. दादांनी विचारलं, "किल्ली टांगली का?" मी पुस्तकातून मान न काढता म्हणालो, "टांगली."

पहाटेच्या एसटीने लातूरला उतरलो, पेनासाठी खिशात हात घातला, तर किल्ली. समोरच एसटीडीचा बूथ होता, आमच्या घराशेजारच्या किराणावाल्या चाचांचा नंबर मला पाठ होता. परतीची गाडीही लागलेली होती, भक्तीच्या आधी पोचलो असतो. मी किल्ली परत खिशात ढकलली. एक रविवार तर आहे, काढतील काहीतरी मार्ग, असं मनाशी म्हणालो आणि परीक्षेला जाऊन बसलो. नीच म्हणतात तो हाच.

मागे काय झालं ते आईने सांगितलं. दादांनी घर उलथंपालथं केलं. कुलूप फोडायला हातोडा आणेपर्यंत भक्ती चालवणारे पाळकसाहेब आले. ते महिन्यातून एकदाच यायचे आणि पुढं त्यांना मुखेड गाठायचं असायचं. उन्हाचा नुसता भडका. शेवटी सहा जणांनी बांबू हातांनी धरून ठेवले, भक्ती संपेपर्यंत. एक बांबू दादांकडे. पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर घेऊन एकेकाच्या तोंडात घालत आले, तेव्हा दादांनी मान फिरवली. "चुकी माझ्या घरची हाय, म्या न्हाई घ्यायचा." आयुष्यात त्यांनी प्रभुभोजन कधी चुकवलं नव्हतं.

संध्याकाळी मी घरी आलो, तर ते ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून शोधत होते. म्हणाले, "तू टांगली म्हणलास, म्हंजे म्याच कुठं तरी ठिवली असंल." फक्त तोंड उघडायचं होतं. मी आत गेलो, किल्ली चुलीमागच्या फळीवर ठेवली आणि थोड्या वेळाने ओरडलो, "दादा, हिथं हाय की!"

त्यांनी ती हातात घेऊन कितीतरी वेळ बघितली. मग तसेच मास्तरांकडे गेले. लेवी पन्नाशीनंतर अवजड चाकरीतून मोकळे होत, हे मास्तरांनीच शिकवलं होतं, आणि दादांची पन्नाशी उलटली होती. "माझं ध्यान ऱ्हाईना," म्हणाले आणि मेखा दुसऱ्या घराला देऊन आले. मास्तरांनी लाख विनवलं, पण ऐकलं नाही.

पहिल्या तुकडीत माझा नंबर लागला. पुढं मीच शिकवणी काढली, बक्कळ नाव झालं. लेव्यांवर बोलायचं तर मला एवढंच कळलंय, की ज्याला रान नाही त्याचा सातबारा म्हणजे त्याची चाकरी. तो मी माझ्या बापाच्या हातून काढून घेतला, आणि बाप मरेपर्यंत त्याला खरं सांगितलं नाही. लाज वाटते हो, अजून वाटते.

दादा पुढं बरीच वर्षं जगले. ध्यान शेवटपर्यंत खणखणीत; कुणाच्या लग्नात कोण कशावरून रुसलं, सगळं सांगायचे. पण घराबाहेर पडले की चार पावलांवर थांबायचे आणि मला विचारायचे, "बघ रं, कुलूप लावलं ना म्या?" मी म्हणायचो, "लावलं, दादा." तरी मागं फिरून ते एकदा ओढून बघायचेच.