एका नंबरचे दोन पास

ती केस आठवली की माझ्या डोळ्यांसमोर आधी येते ती डेपोतली दुसरी खिडकी. पुढचे सगळे रामायण त्या खिडकीमुळेच घडले. निवृत्तीपूर्वी मी झरी जामणी भागातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. हद्दीत एका संस्थेचा सागवानाचा डेपो होता. लिलावात माल घेतलेला व्यापारी तो खेपाखेपांनी उचलत असे आणि प्रत्येक खेपेला खिडकीवर कॉम्प्युटरमधून पास छापून मिळे. त्यावर नंबर, ट्रक आणि संस्थेचा शिक्का.

एके दुपारी आमच्या खबऱ्याने फोन केला. एका व्यापाऱ्याचा माणूस टपरीवर चहा पिताना बोलून गेला होता, की आमच्या सगळ्या खेपा झाल्या, तरी डेपोचा कॉम्प्युटर अजून एक शिल्लक दाखवतो. सागवानाच्या धंद्यात असे वाक्य ऐकून पोलीस बसून राहात नाही. व्यापाऱ्याचा माल वाहणारा ट्रक आम्ही गाठला. चालक पुसदचा, वयस्क मुसलमान गृहस्थ. त्याच्याकडे मागच्या खेपांचे पास होते. त्यातल्या एका पासचा नंबर डेपोच्या कॉम्प्युटरमध्ये भलत्याच ट्रकच्या नावावर निघाला.

संस्थेच्या व्यवस्थापकाने लगेच फिर्याद दिली. त्याचे म्हणणे सरळ होते. एक खेप बोगस पासवर काढायची, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये ती शिल्लक राहते आणि तेवढेच लाकूड पुन्हा फुकटात उचलता येते. मलाही ते पटले. ट्रक जप्त झाला, चालकाला बसवून घेतले. तो म्हणाला, "खिडकीवर बाईनं जो पास देल्ला तो घेतला साहेब. शिक्का पाह्यला, गाडी काढली. नंबर कायले वाचू मी?"

ती बाई म्हणजे दुसऱ्या खिडकीवरची कोलाम आदिवासी मुलगी. तिच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलेली पहिलीच. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असा नियम आहे, म्हणून महिला शिपायाला घेऊन आमची जीप पोडावर गेली. सगळे पोड जीपभोवती गोळा झाले. मुलगी रडली नाही. पास मीच छापला, पण कॉम्प्युटरनं देल्ला तोच नंबर छापला, एवढेच पुन्हापुन्हा सांगत राहिली. व्यवस्थापकाने तिला त्याच दिवशी कामावरून बंद केले आणि अटक कधी करता म्हणून माझ्यामागे लकडा लावला.

अटकेआधी मी नागपूरहून तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बोलावले. साठीचा, नेटका माणूस. कोबोल या जुन्या संगणकी भाषेत त्याने तो फार वर्षांपूर्वी लिहिला होता. आपले वर्कस्टेशन, म्हणजे प्रोग्रॅम बनवून तपासायचा त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर, तो गाडीत घालूनच आला. मी दोन पंच बोलावले, एक शिंपी आणि एक सायकल दुरुस्तीवाला. पंचांसमक्ष त्याने प्रोग्रॅम कंपाइल केला. माणसाने लिहिलेल्या ओळी यंत्राला चालतील अशा करून घेणे याला कंपाइल म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. मग त्याने तो चालवला. प्रत्येक पासला नवा नंबर. शिंप्याने मनानेच ट्रक सुचवून पाहिले, तरी चूक नाही. "प्रोग्रॅम साफ आहे," तो म्हणाला. मुलीविरुद्धचा पुरावा पक्का झाला, असे आम्ही सगळेच धरून चाललो.

राहता राहिली एकच रीत. दोन जबाब एकमेकांना छेद देत असतील तर त्या दोघांना समोरासमोर बसवायचे. पहिल्या खिडकीवरचे कारकून डेपोत जुने होते. तो नंबर कॉम्प्युटरने मलाच दिला, असे तेही सांगत होते, आणि त्या नंबरचा त्यांनी दुसऱ्या ट्रकला दिलेला पास नोंदीशी जुळल्याने बिनचूक ठरला होता. त्यांना ठाण्यात बोलावले; मुलगीही बापासोबत स्वखुशीने आली. प्रोग्रॅमवाला आणि पंच तिथेच होते. लिलावानंतरच्या गर्दीचे बोलणे निघाले तेव्हा मुलगी त्यांना म्हणाली, "काका, आपण दोघंही एकाच टायमाले पास छापून राह्यलो होतो न? तुम्ही मले म्हटलं, लवकर कर पोरी, लाइन वाढून राह्यली." काकांनी मान हलवली. तोवर डेपोत कायम एकच खिडकी होती, दुसरी याच लिलावाला उघडली, हेही तेच बोलले.

मी प्रोग्रॅमवाल्याकडे वळलो. "तुम्ही चालवला तो एका माणसाने. दोघांनी एकदम चालवून पाहिलाय कधी?"

तो म्हणाला, "नाही. माझ्या टेबलावर मी एकटाच असतो."

वर्कस्टेशनवर प्रोग्रॅम मध्येच थांबवता येतो. त्याने पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या. पहिलीने शेवटचा नंबर वाचला, तिथे तिला थांबवले. दुसरीला सोडले. तिनेही तोच नंबर वाचला, पुढचा धरला, पास दिला. मग पहिलीला सोडले. तिनेही तोच पुढचा नंबर दिला आणि दुसरीची नोंद पुसली गेली, म्हणूनच ती खेप शिल्लक दिसत होती. कागद अडकला तर तोच पास पुन्हा छापता यावा, म्हणून जुन्या नोंदीवर नवी लिहायची सोय त्यानेच करून ठेवली होती. एक खिडकी नंबर घेत असताना दुसरीने थांबावे, असे त्याने प्रोग्रॅममध्ये घातले आणि पंचांसमक्ष पुन्हा कंपाइल करून चालवले. नंबर वेगळे आले. चोर कुणीच नव्हता. सायकलवाला पंच म्हणाला, "म्हणजे दोघांनी एकाच टायमाले हात घातला, बस."

प्रोग्रॅमवाल्याने मुलीला हात जोडले. मी न्यायालयात क समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. चालकाला ट्रक मिळाला. व्यवस्थापकाने मुलीला कामावर या असा निरोप दिला. माझ्या दृष्टीने फाइल मिटली होती.

तिच्या दृष्टीने नव्हती. ती बापाला घेऊन ठाण्यात आली. समरीची प्रत मी तिच्यापुढे ठेवली, तिने ती हातातही घेतली नाही.

"साहेब, तुम्ही जीप घेऊन आलते तवा सारं पोड पाहून राह्यलं होतं. आता हा कागद तिथं कोण वाचते? जीप घेऊनच सांगाले या."

शिपाई माझ्याकडे पाहू लागले. असा कोणताही नियम नाही. मी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.

पोडावर पुन्हा सगळे जमले. मी बोनेटजवळ उभा राहून सांगितले, की या मुलीने चोरी केलेली नाही, चूक यंत्राची होती, आणि ती पोलिसांनी डोळ्यांनी पाहिली. एका म्हाताऱ्याने पुन्हा सांगा म्हटले. मी पुन्हा सांगितले. मग त्याने ते कोलामीत सगळ्यांना सांगितले, आणि तेव्हा कुठे मुलगी रडली.

नोकरीत मी पुष्कळ पंचनामे केले. माणसावर संशय घ्यायचा तो आम्ही चारचौघांत घेतो आणि त्याला सोडायचे ते कागदावर सोडतो. त्या दिवसापासून, ज्याच्या दारात जीप उभी केली तो निर्दोष निघाला, की मी त्याच्या दारात जीप पुन्हा नेली. डिझेलचा हिशेब वरिष्ठांनी विचारला, तेव्हा तपासकाम असेच लिहिले. ते खोटे नव्हते.