मयताचा म

ही गोष्ट माझ्याखेरीज कोणाच्याही कानावर गेलेली नाही. पत्नीच्याही नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, कैफियती — आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वतीने लिहीत आलो आणि प्रत्येकाच्या तळाशी ‘वरील मजकूर खरा आहे’ असे घालीत आलो. स्वतःच्या वतीने लिहायला बसलो, की मात्र लेखणी भलत्याच विषयाकडे वळते. आजही वळू पाहते आहे. म्हणून तुम्ही समोर बसला आहात असे समजून लिहितो.

भाईंदरला तलाठी कार्यालयाच्या भिंतीलगत माझे टेबल होते. शिक्षण सातवीपर्यंत, आणि सातवीही पुरी नाही. परंतु माझ्या अक्षराला आणि माझ्या भाषेला त्या भागात मान होता, हे मी आजही नाकारणार नाही. कोणत्याही शाळेत शिकवले नसताना लोक मला मास्तर म्हणत. माझ्याआधी त्या जागेवर एक वृद्ध गृहस्थ बसत. त्यांना मोडी उत्तम येई. ते वारले, जागा मला मिळाली आणि तिच्यासोबत त्यांची पाटीही — ‘जुने मोडी कागद वाचून मिळतील’. ती पाटी मी उतरवायला हवी होती. उतरवली नाही.

मला मोडी येत नव्हती. आकडे येत, आणि दहा-बारा अक्षरे. मग मी वाचीत कसा होतो? सांगतो. गिऱ्हाईक कागद पुढे ठेवताना बोलत राहते — आजा अमुक, शेत तमुक, भांडण कशाचे. कागदात काय आहे, ते बहुधा त्याचे त्यालाच ठाऊक असते. मी भिंग लावून ओळीवरून बोट फिरवायचो आणि त्याचेच बोलणे सरकारी भाषेत त्याला परत करायचो. तो खूश होऊन जायचा. यात कोणाचे काय बिघडले, असे मी स्वतःला विचारीत असे. उत्तराची मला घाई नव्हती.

नव्वदच्या आसपास नवघरच्या भातखाचरांत बिल्डरांचे खांब उभे राहू लागले, तेव्हाची गोष्ट. नवघरची गोमीबाई माझ्याकडे आली — साठी उलटलेली, लग्न न झालेली. तिचा बाप पोशा मिठागरात कामाला होता आणि बाविसाव्या वर्षी वारला; ती तेव्हा आईच्या पोटात होती. जन्मण्याआधीच बापाला खाल्लेली म्हणून तिला कोणी करून घेतली नाही. आईही लवकर गेली, आणि चुलत्याच्या घरी राबण्यात तिचा जन्म गेला. आता जमीन विकायची निघाली, तशी कुजबुज सुरू झाली, की ही पोशाची आहे तरी का? बाप गेल्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला ती जन्मली, एवढे सगळे मान्य करीत. पण बाप कोणत्या महिन्यात गेला, हे सांगणारे माणूस उरले नव्हते.

तिने ठाण्याला खेपा घालून गावच्या जुन्या कोतवाल बुकातली, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली, बापाच्या मरणाची नक्कल मिळवली होती. एक ओळ. मोडीत. कागदात जे निघेल ते मान्य, असे घरात ठरले होते. चुलतभावाचा मुलगा जनार्दन तिच्यासोबत आला होता. पण हे ठरलेले मला कोणी सांगितले नाही. बापाचे नाव आणि मिठागरातले काम, यापलीकडे त्या दिवशी दोघेही काही बोलले नाहीत.

“मास्तर, माजा बा कवा मेला, त्ये वाचा. येवरंच,” ती म्हणाली.

मी भिंग लावले. मोडीत शब्द तुटत नाहीत. एकातून दुसरा निघत जातो. तीनचा आकडा दिसला, बाविसाचा दिसला. बाकी सगळी वळणेच वळणे, आणि त्यांत मला ओळखू आलेले एकच अक्षर — म. टेबलाभोवती चार माणसे उभी होती. मी विचार केला, की मिठागरातला तरणा माणूस कशाने मरणार? उन्हाने. मीठ ओढायचे दिवस कोणते? उन्हाळ्याचे. म, म्हणजे मे. आणि मी खणखणीत आवाजात वाचले, “तारीख तीन, माहे मे. पोशा, वय वर्षे बावीस, ऊन लागून मयत.”

जनार्दनने अंगठा बोटाच्या पेरावर ठेवला. जून, जुलै, ऑगस्ट... तो मोठ्याने मोजत गेला. मार्चला थांबला.

“धा झालं, आते. वर पंधरा दिस. तू काय हत्तीन होतीस का पोटान?”

उभी असलेली माणसे हसली. त्या क्षणी — हे मी कुठल्याच शपथेवर नाकारू शकणार नाही — त्या क्षणी मला सगळे समजले. ती कशासाठी आली होती आणि मी काय बोलून बसलो होतो, ते. गोमीबाई हसणाऱ्यांकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

“मास्तर, परत वाचा. आई बोलायची, बा गेला तवा मना पाचवा सरला व्हता.”

‘बाई, मला हे वाचता येत नाही.’ सहा शब्द. तुम्ही उच्चारून पाहा, किती वेळ लागतो? मी भिंग पुन्हा लावले, सगळ्यांना दिसेल असे लावले, आणि म्हणालो, “अक्षर स्पष्ट आहे.” जनार्दनने मागितले म्हणून तेच देवनागरीत उतरवून दिले. खाली लिहिले — मूळ मोडीबरहुकूम. सही केली.

जमिनीच्या कागदावर तिचे नाव लागले नाही. पण ते कदाचित तिने सोसले असते. पितृपक्षात ती दरवर्षी बापाच्या नावाने पान वाढायची. त्या वर्षी जनार्दनने तिला दारातच अडवले. “तुजा कोन लागतो तो?” हे मला तलाठ्याच्या शिपायाने गंमत म्हणून सांगितले. मीही हसल्यासारखे केले.

तरीही तोवर मी स्वतःला म्हणू शकत होतो, की मे खराच असेल. कोणी सांगावे? उतारा करून देताना काढून ठेवलेली नकलेची झेरॉक्स माझ्या पेटीत होती आणि मी तिला हात लावीत नव्हतो. चार-पाच वर्षांनी बेव्हर्ली पार्कात मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त शिरस्तेदार पाण्याच्या तक्रारीचा अर्ज करायला आले. पाटी वाचून खुलले. त्यांना मोडी येत होती; दप्तरातच त्यांचा जन्म गेला होता. मी ती झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे का ठेवली, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि रोजचे वर्तमानपत्र वाचावे तसे वाचले, “तीन नोव्हेंबर. पटकीने मयत.” मी म कुठे आहे ते विचारले.

“हा काय. मयताचा म,” ते म्हणाले. “अहो, पाटी लावून बसलात आणि एवढे येत नाही?”

नोव्हेंबर ते मार्च साडेचार महिने, आणि आधी सरलेले पाच. आईने सांगितलेले बरोबर होते.

गोमीबाई तेव्हा जिवंत होती. नवघरच्या नाक्यावर माठाच्या जुड्या विकायला बसायची. माझ्या टेबलापासून ती जागा पाच मिनिटांवर. मी गेलो का? नाही. एकदा तिनेच मला हाक मारली, “मास्तर, भाजी न्या,” — आवाजात काहीही नव्हते, रागसुद्धा नाही. मी ऐकले नाही असे दाखवले आणि दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला. एक संपूर्ण वर्ष मी तो वळसा घालून जात होतो.

मग जनार्दन आला. गोमीबाई वारली होती आणि पालिकेचा मृत्यूचा फॉर्म भरून हवा होता. मी भरू लागलो. नाव. वय. पत्ता. पतीचे नाव — लागू नाही. वडिलांचे नाव.

मी लेखणी उचलून त्याच्याकडे पाहिले.

“लिवा, माहीत न्हाय,” तो म्हणाला.

झेरॉक्स माझ्या पायाशी, पेटीत होती. वडिलांचे नाव मला माहीत होते. त्यांचे वय माहीत होते, महिना माहीत होता, रोगही माहीत होता. जगात ते ठामपणे सांगू शकणारा मी एकटाच उरलो होतो.

मी लिहिले, ‘माहीत नाही’. चांगल्या अक्षरात, ओळ न सोडता. मग त्याला सही कुठे करायची ते बोटाने दाखवले.