फणीवाल्या आजोबांनी कोरलेले माझे दात

फणीवाले आजोबा दुसऱ्यासाठी कोरलेला दात आधी स्वतःच्या तोंडात ठेवीत. आठवले की मला अजून चूळ भरावीशी वाटते. टेंभी नाक्याच्या अलीकडे त्यांचे दुकान होते. हस्तिदंताच्या फण्या आणि सोंगट्या करणे हा त्यांचा धंदा. कुणाचा दात पडला तर तोही कोरून बसवीत.

अकरा वर्षांची असताना मी तळ्याच्या पायरीवर तोंडावर आपटले आणि वरचे पुढचे दोन दात गेले. लग्न आधीच झाले होते. दिवाळीनंतर कल्याणहून सासरची माणसे मला नांदायला न्यायला येणार होती. सासूबाईंच्या नात्यातल्या एका सुनेचा गाल भाजला, तर तिला माहेरी ठेवून मुलाचे दुसरे लग्न लावले होते. ते आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कुणी मोठ्याने बोलत नव्हते. मुंबईचा साहेब डॉक्टर चिनी मातीचे दात बसवी, पण तो मढ्यांचे दातही वापरतो असे आईच्या कानावर आले होते. वैद्य म्हणाले, पडलेलेच दात सोन्याच्या तारेने बांधू. ते तर तळ्यात गेले होते. शेवटी हत्तीचा दात शुद्ध, असे म्हणून आईने होकार दिला आणि नाना, म्हणजे माझे वडील, मला त्या दुकानात घेऊन गेले.

दुकानात नखे जाळल्यासारखा वास होता. आजोबांच्या दाढीत, भुवयांत हस्तिदंताचा भुगा बसलेला असे. करंगळीचे नख त्यांनी कोरणीसारखे वाढवले होते आणि त्याच नखाने ते माझी सुजलेली हिरडी चाचपीत. बोटांना तंबाखूची चव होती. मापासाठी तोंडात मेण कोंबले तेव्हा मी त्यांच्या मांडीवरच ओकले. नाना ओशाळले. आजोबांनी राख आणून स्वतः सगळे पुसले.

"झालं ते बरं झालं, बाय. आता मेण नीट बसंल," ते म्हणाले. "गणपतीचा दात मोडला तो कुणी बसवला नाही. पण त्याला कुठं नांदायला जायचं होतं?"

मला हसू आले, आणि हसले म्हणून पुन्हा तोंड झाकावे लागले.

त्यांनी नानांना रंग विचारला. नाना म्हणाले, "पांढरे शुभ्र करा." सवाष्णीने नांदायला जाण्याआधी दातवण लावून दात काळे करायचे, हे मला ठाऊक होते. पण तोंडात मेण होते. मेण नसते तरी परक्या माणसासमोर मी बोलले नसते. आठ दिवसांनी दात तारेने बांधून घरी गेले, तर आईने कपाळावर हात मारला. दातवणाने माझे बाकीचे दात काळे झाले, ते दोन बगळ्यासारखे पांढरेच राहिले.

नाना पुन्हा दुकानात गेले. आजोबा म्हणाले, "चूक माझीच, भाऊसाहेब. बाईमाणसाचे दात आणि मी बाप्याला विचारलं." त्यांनी दुसरी जोडी कोरली. ती दातवणाच्या वाटीत चार दिवस भिजवली, पण चूळ भरताच रंग उतरला.

मग एके दिवशी नानांबरोबर गेले तेव्हा जे पाहिले, ते मी घरी कधी सांगितले नाही. आजोबांच्या पुढच्या हिरडीवर माझे दोन दात मेणाने चिकटवलेले होते. ते आरशापुढे बसून सवाष्णीसारखे दातवण घाशीत होते. ओठ काळे, दाढीला काळी लाळ लागलेली. समोरचा तेली ओरडला, "काय आजोबा, कुणाच्या घरी नांदायला निघालात?"

"हिच्या आधी मी जाऊन बघतो, सासू कशी आहे ती," आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "थुंकीशिवाय रंग मुरत नाही, बाय. आणखी पाच दिवस."

नाना माझ्याकडे बघेनात. आईला कळले असते तर तिने ते उष्टे दात घरात येऊ दिले नसते, आणि मी माहेरीच राहिले असते. आई दातांवर गोमूत्र शिंपडीत होती तेव्हा मी गप्प बसले. ते तोंडात बांधले त्या दिवशी मला अन्न गेले नाही.

कल्याणला सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावले. उजेडाकडे वळवून पाहिले आणि म्हणाल्या, "दातवण छान धरलंय हिच्या दातांनी."

हस्तिदंत तोंडात कुजतो. पाचव्या वर्षी दात मऊ पडले. इतकी घाण येऊ लागली की बोलताना यजमान मान फिरवीत. तोवर थोरला मुलगा रांगत होता, मला परत पाठवणे आता कुणाच्या मनात येणार नव्हते. सासूबाईच म्हणाल्या, "पडलेले दात लपवून किती वर्षं काढलीस गं? काढ ते मेलं." त्यांना केव्हा कळले ते मी विचारले नाही.

माहेरपणाला गेले तेव्हा नवे दात करून घ्यावेत म्हणून दुकानाकडे गेले. फळ्या लावलेल्या होत्या. तेली म्हणाला, "आजोबा श्रावणात गेले."

मी खाडीवर जाऊन तार सोडवली. दातवणाचा रंग जाऊन दात पिवळे, भुसभुशीत झाले होते, हातालाही वास लागला. ते पाण्यात टाकले. बरोबर नेलेल्या तांब्यातल्या पाण्याने चुळा भरल्या, एकामागून एक थुंकल्या. शेवटची तोंडात असताना आजोबांच्या दाढीवरची काळी लाळ आठवली, ती थुंकवेना. ती मी गिळली.