आत्याबाईंची फणसपोळी

बंगलोरात सूर्य कोणाच्या सांगण्यावरून उगवत असेल तर तो आमच्या आत्येसासूबाईंच्याच, अशी माझी पक्की समजूत होती. रत्नागिरीकडून लग्न होऊन बसवनगुडीत आल्याला त्यांना तीस वर्षं झाली होती, पण वाळवणाचं वेड काही सुटलं नव्हतं. केळी, अंजीर, चिकू, जे फळ तावडीत सापडेल ते गच्चीवर जायचं. आम्ही त्यांच्याच घरी राहायचो, आणि मी नवी सून. एकदा न्हाऊन गच्चीत केस वाळवत बसले, तर म्हणाल्या की केस सावलीतही वाळतात, चिकूंची जागा सोड. नुसती मान वर करून कुठला ढग बरसणार ते त्या सांगत, आणि मेलं ते खरं व्हायचं! मी थक्क होऊन बघत राही.

साठ सालाच्या आसपास त्यांचा एकुलता एक मुलगा कारखान्यातर्फे दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाला. पक्का शाकाहारी. तिथे हा खाणार काय, या घोराने आत्याबाईंनी बरक्या फणसाचा रस गूळ घालून आटवला आणि तुपाचा हात लावलेल्या चार ताटांत पोळीसारखा वाळायला पसरला. निघायला उरले आठ दिवस, आणि मे महिन्यात इकडे दुपारची सर ठरलेली. तिसऱ्या दिवशी कळलं, गावाच्या पलीकडच्या राजाजीनगरात थेंबही नाही. झालं! ताटांवर जुनं धोतर बांधून, तिथल्या एका ओळखीच्यांची गच्ची गाठायला आम्ही दोघी बसमध्ये. कंडक्टर कानडीत कुरकुरला, तर "स्वल्प जागा, अण्णा" म्हणत आत्याबाईंनी त्याच्याच हातात एक ताट दिलं, आणि त्याने ते देवाच्या नैवेद्यासारखं धरलं. दुसऱ्या दिवशी पाऊस राजाजीनगरात. आम्ही ताटांसकट परत. असा उन्हाचा पाठलाग करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

निघायच्या सकाळी त्यांनी पोळीवर अंगठा दाबला. ठसा उमटला, म्हणजे अजून ओलीच.

"आई, दे तशीच," मुलगा म्हणाला. "बोटीवरच संपवीन."

"बुरशी धरेल. परमुलखात पोट बिघडलं तर बघणारं कोण आहे तुला?" म्हणत त्यांनी चिवड्याचा डबा त्याच्या हातात ठेवला. त्याने डबा पिशवीत टाकला. त्यांच्या शब्दापुढे आमचं कोणाचं काय चालणार!

त्याला मुंबईच्या गाडीत बसवून परतलो, तर लख्ख ऊन पडलेलं. मी ताटं गच्चीत मांडली. आत्याबाई मागोमाग आल्या, वाकून एक ओलसर कोपरा तोडला आणि तोंडात टाकला. कितीतरी वेळ चघळत उभ्या राहिल्या.

"गोड झालीय गं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "द्यायला हवी होती."